रंग बिघडलाय? आधी बोळा खाली ठेवा
(चर्मकला: वाचकांचे प्रश्न)

या वेळच्या पत्रांचं दुखणं एकच आहे: चामड्याला रंग दिला आणि तो बिघडला. उत्तरांआधी सगळ्यांसाठी एक गोष्ट. स्पिरिटमधला रंग चामड्याच्या तंतूंत मुरतो, भिंतीच्या रंगासारखा वर बसत नाही. म्हणून मुरलेला रंग खरवडून किंवा धुऊन पूर्ण काढता येत नाही. थोडा फिका करता येतो, गडद जागेवरून फिक्या जागेकडे सरकवता येतो, वर साठलेला असेल तेवढा पुसता येतो, नाहीतर त्याहून गडद छटेखाली झाकता येतो. ब्लीचचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. ब्लीच रंगाबरोबर चामड्याचे तंतूही खातं आणि तो भाग पुढे वाकवताना तडकतो.

खालची बहुतेक उत्तरं व्हेज टॅनसाठी, म्हणजे झाडांच्या साली-फळांनी कमावलेल्या चामड्यासाठी आहेत. क्रोम टॅनचा, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेल्या चामड्याचा, एकच प्रश्न आहे, तो पुढे घेतला आहे.

प्रश्न (नाशिक): दोन मिलिमीटर जाडीच्या चामड्याची खांद्यावरची बॅग करते आहे. पुढच्या भागाला फीबिंग्जचा प्रो डाय, चॉकलेटी, एक इंची ब्रशने लावला. उभे पट्टे दिसायला लागले. झाकायला दुसरा हात मारला, तर पट्टे आणखी गडद झाले. एका कोपऱ्यात तर जवळजवळ काळं झालंय. अजून शिवलेली नाही. भाग टाकून द्यावा लागेल का?

उत्तर: टाकू नका. पट्टे बहुतेक वेळा जातात. काळवंडलेला कोपरा मात्र पूर्ण जाईलच असं नाही.

आधी कारण बघू, कारण दुसऱ्या हाताने तुम्ही तीच चूक दुप्पट केली. या रंगातलं स्पिरिट काही सेकंदांत उडतं. ब्रशचा एक पट्टा ओढून दुसरा त्याला लागून ओढेपर्यंत पहिल्याची कड सुकलेली असते. जिथे दोन पट्टे एकमेकांवर येतात तिथे रंग दुप्पट बसतो. कोरडं चामडं हा रंग टिपकागदासारखा ओढून घेतं, पसरायला वेळच देत नाही. कोपऱ्याचं कारण वेगळं असावं. तो भाग जनावराच्या पोटाकडचा असेल तर तिथले तंतू सैल असतात आणि पाठीच्या भागापेक्षा बराच जास्त रंग पितात. हातात धरून वाकवून बघा. सैल भाग लगेच लुळा पडतो आणि वरच्या बाजूला बारीक सुरकुत्या उमटतात.

आता दुरुस्ती. भाग २४ तास सावलीत सुकू द्या आणि दिवसाच्या उजेडात बघा. ट्यूबलाइटखाली पट्टे आहेत त्याहून वाईट दिसतात. सुक्या सुती फडक्याने जोरात घासा, फडक्यावर रंग येणं थांबेपर्यंत.

मग ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. रसायनांच्या दुकानात मिळतं. सॅनिटायझर चालणार नाही. त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं, ते चामड्यावर चिकट थर ठेवतं आणि पुढचा रंग तिथे धरत नाही. पॉलिशवाल्यांचं थिनरही नको, ते चामड्यातली सगळी चरबी ओढून घेतं. खिडक्या उघड्या ठेवा, जवळ गॅस किंवा उदबत्ती नको. धागे न सुटणाऱ्या फडक्याचा बोळा अल्कोहोलने ओला करा. पिळल्यावर थेंब पडू नये इतपतच. त्याने *पूर्ण* भाग एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पुसा, पट्ट्यांना आडव्या दिशेने. रंग परत थोडा विरघळतो, गडद पट्ट्यातला काही फडक्यावर येतो आणि काही शेजारच्या फिक्या जागेत सरकतो. फडकं बदलून दोन-तीनदा करा. फक्त पट्ट्यावर किंवा फक्त कोपऱ्यावर अल्कोहोल लावलंत तर त्याच्या कडेने गोल वळ उठेल, आणि तो पट्ट्यापेक्षा जास्त डोळ्यात भरतो.

सुकल्यावर नीट्सफूट तेलाचा (गुरांच्या पायांच्या हाडांतून काढलेल्या, चामड्यासाठीच्या तेलाचा) पातळ हात द्या. ए-फोर कागदाएवढ्या भागाला अर्धा चहाचा चमचा पुरे. तेल रंगाला सोबत घेऊन हळूहळू पसरतं, आणि कोरडेपणामुळे जो डाग वाटत होता तोही यात मिसळून जातो. एक दिवस थांबा. बऱ्याच वेळा काम इथेच संपतं. घरातलं गोडेतेल, मोहरीचं तेल लावू नका. ती हवेत चिकट होतात आणि त्यांना खवट वास येतो.

तरीही पट्टे दिसत असतील तर त्याच रंगाचा पातळ हात. एक भाग रंग, तीन भाग अल्कोहोल. बॅगेच्या सगळ्या भागांना पुरेल एवढं मिश्रण एकदाच करा. एका ए-फोर भागाच्या दोन-तीन हातांना १० मि.लि. रंग आणि ३० मि.लि. अल्कोहोल होतं. नंतर दुसऱ्यांदा केलेलं मिश्रण पहिल्याशी तंतोतंत जुळत नाही, हे मापून करणाऱ्यांचंही होतं. चामडं ओल्या स्पंजाने एकसारखं दमट करून घ्या. पाणी दिसता कामा नये, रंग फक्त किंचित गडद दिसावा. लोकरीच्या बोळ्याने लहान-लहान गोल फिरवत पहिला हात, सुकल्यावर आडवा, मग उभा. एकदा सुरू केलं की मध्ये फोन घ्यायला उठू नका. ब्रश फक्त कडा आणि कोरीव कामाच्या खोबणींसाठी ठेवा.

कोपरा शेवटी राहिलाच, तर चारही कोपरे आणि कडा मुद्दाम गडद करून आतल्या बाजूला विरळ करत न्या. अशा कडा-गडद बॅगा हौसेने केल्या जातात, त्यामुळे कुणाला दुरुस्ती वाटणार नाही.

एक सूचना पुढच्या वेळेसाठी. तमिळनाडूत ‘ई. आय.’ (ईस्ट इंडिया) नावाने जे चामडं कमावलं जातं, त्यावर तेलाचा हात दिलेला असतो. असं चामडं वापरणार असाल तर रंगाआधी अल्कोहोलने एकदा पुसून घ्या. नाहीतर तेलकट जागी रंग धरत नाही आणि तुम्ही स्वतःच्या हाताला दोष देत बसता.

प्रश्न (सातारा): नैसर्गिक रंगाचा पट्टा शिक्के मारण्यासाठी ओला केला, रात्रभर टेबलावर ठेवला. सकाळी चार-पाच ठिकाणी निळसर काळे ठिपके, आणि एका कडेला तर बोटांचे ठसे. साबणाने घासलं, फिके झाले पण गेले नाहीत. गिऱ्हाइकाला रंग न दिलेलाच पट्टा हवाय.

उत्तर: हा मळ नाही, म्हणून साबणाने जात नाही. ही शाई आहे. झाडाच्या सालीतलं टॅनिन आणि लोखंड ओलाव्यात एकत्र आले की निळं-काळं होतं. हिरडा आणि लोखंडाची लिहायची शाई पूर्वी याच पद्धतीने करत. टेबलावर कानशीचा कीस, गंजलेल्या पट्टीचा कण, रापीला (चामडं कापायच्या पात्याला) धार लावल्यानंतरची धूळ असं काहीतरी होतं. बोटांना तीच धूळ लागलेली होती, ठशांचं कारण ते.

उपाय ऑक्झॅलिक ॲसिड. गंज काढायला वापरतात तेच. दिसायला साखरेसारखं आणि पोटात गेलं तर जीवघेणं. तेव्हा स्वयंपाकघरातल्या बरणीत ठेवायचं नाही, डब्यावर मोठ्या अक्षरात नाव लिहायचं, हातमोजे घालायचे, भुकटी उडू द्यायची नाही. ब्लीचच्या आसपासही आणायचं नाही, दोन्ही मिसळले तर विषारी क्लोरीन वायू सुटतो.

प्लॅस्टिकच्या भांड्यात अर्धा लिटर कोमट पाणी, त्यात एक सपाट चहाचा चमचा, म्हणजे साधारण पाच ग्रॅम. पूर्ण विरघळू द्या. जास्त दाट केल्याने काम लवकर होत नाही, चामडं मात्र कोरडं पडतं. स्पंजाने पट्ट्याची *संपूर्ण* वरची बाजू एकसारखी ओली करा, डागांवर थोडा वेळ जास्त टेकवा. ताजे डाग मिनिटा-दोन मिनिटांत डोळ्यांदेखत विरतात. जुने असतील तर सुकवून दुसऱ्यांदा करावं लागतं. पट्टा आधीपेक्षा थोडा उजळ दिसेल. म्हणूनच सगळीकडे लावायचं, नाहीतर काळ्या ठिपक्यांच्या जागी पांढरट ठिपके घेऊन बसाल.

मग स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा पुसून ॲसिड काढून टाका. सावलीत, सपाट, पूर्ण सुकू द्या. उन्हात नको, हेअर ड्रायरही नको. शेवटी नीट्सफूटचा अगदी पातळ हात, उजळलेला रंग त्याने बराचसा परत येतो.

डाग अगदी ताजा आणि टाचणीच्या डोक्याएवढा असेल तर लिंबाच्या रसानेही जातो, पण तोही नंतर पाण्याने पुसायला विसरू नका. ओल्या चामड्याजवळ यापुढे स्टेनलेसची पट्टी वापरा, टेबल ओल्या फडक्याने पुसून घ्या आणि धार लावायची जागा वेगळी ठेवा. आणखी एक: ज्या बटणांचा मुलामा खाली लोखंडावर दिलेला असतो, त्यांच्याभोवती काही महिन्यांनी याच कारणाने काळं कडं उठतं. पितळेचं सामान थोडं महाग पडतं, पण ही कटकट राहत नाही.

प्रश्न (अथणी): आमच्याकडे कोल्हापुरी वहाणा होतात. बाजारातल्या रंगाऐवजी व्हिनेगरमध्ये लोखंड घालून काळा करून पाहिला. काही जोड छान काळे झाले, काही करडे राहिले. एका जोडाचा अंगठा कडक झाला आहे आणि आणखी एकाचा रंग पायाला लागतो. चामडं एकाच ठिकाणचं आहे.

उत्तर: वरच्या उत्तरात जी प्रक्रिया नको होती, तीच तुम्हाला हवी आहे. कोल्हापुरीचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात, त्यामुळे त्यात टॅनिन भरपूर असतं आणि या काळ्यासाठी ते उत्तम आहे. नीट जमला तर हा काळा कपड्याला लागत नाही, कारण तो वर लावलेला रंग नसतो, तंतूतच तयार झालेला असतो. तुमच्या तिन्ही तक्रारींची कारणं वेगवेगळी आहेत.

करडे जोड. पहिली शंका लोखंडाच्या पाण्यावर, म्हणजे व्हिनेगर-लोखंडाच्या मिश्रणावर. लोखंड नीट विरघळलं नसेल तर पाण्यात आम्ल जास्त आणि लोह कमी राहतं. एक लिटर साध्या पांढऱ्या व्हिनेगरला २० ते २५ ग्रॅम बारीक लोखंडी तारेचा लोकरीसारखा गोळा लागतो. भांडी घासायची तार चालेलच असं नाही. बरीचशी स्टेनलेसची असते आणि महिनाभर ठेवली तरी तशीच राहते. तुकडा ओला करून रात्रभर ठेवा; सकाळी गंजला तर कामाचा. तारेवर तेल असतं, ते भांड्यांच्या साबणाने धुऊन टाका. बरणी काचेची किंवा प्लॅस्टिकची, झाकण सैल, कारण आतून हायड्रोजन निघतो. झाकण घट्ट लावलं तर बरणी फुटेल, आणि जवळ विस्तव तर नकोच. एक ते दोन आठवडे ठेवा. व्हिनेगरचा झणझणीत वास जवळजवळ गेला आणि तरीही थोडी तार शिल्लक असली की पाणी तयार समजा. नंतर जाड फडक्यातून गाळून घ्या.

पाणी ठीक असूनही करडं येत असेल, तर त्या तुकड्यांच्या वरच्या थरात टॅनिन कमी आहे. जास्त धुतलं गेलं असेल, किंवा वर तेलाचा थर असेल. तेल असेल तर मुलतानी माती कोरडी पसरून रात्रभर ठेवा, सकाळी झटका, मग अल्कोहोलने पुसा. टॅनिनची भर मात्र शक्यतो हिरड्यानेच करा. दोन टेबलचमचे हिरडापूड अर्धा लिटर गरम पाण्यात तासभर ठेवा, गाळा, आणि *कोमट झाल्यावरच* लावा. गरम पाणी ओल्या चामड्याला आखडवतं, आणि आखडलेलं चामडं परत सुटत नाही. हिरड्याचा हात मुरला, वरचं पाणी दिसेनासं झालं की लोखंडाचं पाणी लावा. पाच-दहा मिनिटांत करड्याचा काळा होतो. हिरडा मिळाला नाही तर अगदी कडक कोरा चहा चालतो, फक्त दोन-तीन हात जास्त द्यावे लागतात.

कडक अंगठा. आम्ल आत राहिलं आणि तेल निघून गेलं. या रंगानंतर खाण्याच्या सोड्याचं पाणी लावणं ऐच्छिक नाही. एक लिटर पाण्यात तीन टेबलचमचे सोडा, स्पंजाने एकदा फिरवा, थोडा फेस दिसेल, दोन-तीन मिनिटांनी साध्या पाण्याने पुसून टाका. सोडा जास्त वेळ ठेवू नका. सोड्याने चामडं तपकिरी आणि राठ होतं, म्हणजे एका दुखण्याऐवजी दुसरं. तुमच्या कडक अंगठ्याला आत्ताही हे करता येईल. मग अर्धवट ओलं असतानाच नीट्सफूट तेल द्या, बोटांनी मोडून-मळून घ्या, दुसऱ्या दिवशी परत पातळ हात. मळताना वर बारीक भेगा दिसल्या तर तो अंगठा बदला. तंतू गेलेत, तेल त्यांना जोडू शकत नाही.

पायाला लागणारा रंग. वर न मुरलेलं लोह साठलंय. सुकल्यावर त्याची गंजासारखी भुकटी होते. ओल्या फडक्याने पुसत राहा, फडकं स्वच्छ येईपर्यंत. त्यानंतर हिरड्याचा एक पातळ हात दिला तर उरलेलं लोह त्याच्याशी बांधलं जातं. सुकवून तेल, आणि लोकरीच्या कापडाने घासणं.

शक्य असेल तिथे रंग पट्ट्यांना आणि तळव्याच्या वरच्या थराला सुटं असतानाच द्या. शिवून झालेल्या वहाणेचा तळ अनेक थरांचा असतो, आत शिरलेलं पाणी सुकायला बरेच दिवस लागतात, आणि पावसाळ्यात तर त्याआधी बुरशी येते.

या काळ्याची एक सोय आहे. चुकून नको तिथे थेंब पडला तर ऑक्झॅलिक ॲसिडच्या वरच्याच मापाने तो बराचसा मागे घेता येतो. स्पिरिटच्या काळ्याला ही सवलत नाही.

प्रश्न (ठाणे): प्रदर्शनांत पट्टे विकते. काळे पट्टे क्रीम रंगाच्या पँटला लागतात अशी दोन गिऱ्हाइकांची तक्रार आली. वर मेण लावते, चमकही चांगली येते. काही पट्ट्यांवर तिरकं धरलं की हिरवट-तांबूस झाक पण दिसते.

उत्तर: हिरवट झाक आणि कपड्याला लागणं, दोन्ही एकाच गोष्टीचे पुरावे आहेत: रंग गरजेपेक्षा जास्त दिला गेलाय. चामडं जेवढा पिऊ शकतं तेवढा पितं. उरलेला पृष्ठभागावर कोरडा होऊन राहतो आणि उजेडात ब्राँझसारखा चमकतो. त्यावर तुम्ही मेण लावलंत, म्हणजे भुकटीवर मेण लागलं, चामड्यावर नाही. अंगाच्या उष्णतेने मेण मऊ झालं की भुकटीसह कापडावर उतरतं.

तयार पट्ट्यांवरची ही भुकटी मेणासकट आधी काढा. अल्कोहोलच्या बोळ्याने पुसा, पण घाईघाईने एकदा नाही. बोळा काळा झाला की नवा घ्या. मग सुकवून जाड सुती कापडाने घासत राहा. हे काम कंटाळवाणं आहे आणि दहापैकी नऊ लोक इथेच हात आखडता घेतात. थांबायचं कधी? पांढरं सुती कापड किंचित ओलं करा, अंगठ्याभोवती गुंडाळा आणि एकाच जागी दाबून वीस वेळा घासा. फिकट करडी छटा आली तर एकवेळ ठीक, पण काळा पट्टा उमटला तर पुन्हा घासा.

नंतर रिझोलीन किंवा तसंच ॲक्रिलिक फिनिश, म्हणजे रंगावर द्यायचा संरक्षक थर, निम्मं पाणी घालून. पहिला हात चोळायचा नाही, स्पंजाने एकदाच एका दिशेने न्यायचा, नाहीतर खालचा रंग त्यात मिसळून फरफटतो. तासाभराने दुसरा पातळ हात. निर्जळ, जाड हात दिलात तर बकलाजवळ जिथे पट्टा वाकतो तिथे प्लॅस्टिकसारखी साल निघते. मेण हवंच असेल तर याच्यावर लावा.

तुमच्या पत्रात मागच्या बाजूचा उल्लेखच नाही. पँटला खरं तर तीच लागते. आतली खरबरीत बाजू सैल तंतूंची असते, रंगाची भुकटी तिथे भरपूर साठते आणि घामाने सुटते. शक्य असेल तर मागची बाजू रंगवूच नका. रंगवलेली असेल तर वाण्याकडे मिळणारा कतिरा डिंक घ्या. पाच ग्रॅम डिंक पाव लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, गाळा, तंतू बसतील असा दाबून लावा आणि काचेच्या बाटलीच्या गुळगुळीत बाजूने घासा. डिंक पाण्याने फुगून सुटतो, घाम सोसणार नाही, म्हणून त्यावर रिझोलीनचा एक हात हवाच. भिजवलेला डिंक फ्रिजमध्ये ठेवला तरी चार-पाच दिवसांत संपवा.

पुढच्या खेपेला काळ्याआधी गडद निळ्याचा एक पातळ हात द्या. मग काळा निम्म्यात पुरतो, वर साठायला उरतच नाही, आणि काळा खोल दिसतो.

प्रश्न (पुणे): शिवून झालेल्या फिक्या पाकिटावर गडद तपकिरी रंगाचा थेंब पडला. अल्कोहोलने पुसला तर पसरून रुपयाएवढा झाला. आता?

उत्तर: आता तो जाणार नाही. थेंब पडतो त्या क्षणी फक्त कोरड्या कागदाने टिपायचं असतं, घासायचंही नाही. अल्कोहोलने तुम्ही त्याला रस्ता करून दिलात. ब्लेडने खरवडलं तर वरचा गुळगुळीत थर जाईल आणि उघडे पडलेले तंतू पुढचा कुठलाही रंग दुप्पट ओढतील, म्हणजे डाग कायमचा.

राहिलेले मार्ग तीन. सगळं पाकीट त्या थेंबाच्या छटेपर्यंत गडद करणं. दोरा पांढरा असेल तर तोही रंगेल हे धरून चाला. किंवा अँटिक जेल लावून मुद्दाम जुनाट, ढगाळ रूप देणं, त्यात डाग हरवतो. किंवा टाके उसवून तेवढा भाग बदलणं. विकायचं पाकीट असेल तर आमचं मत तिसऱ्याच्या बाजूने. चामड्याच्या तळहाताएवढ्या तुकड्यासाठी पूर्ण पाकीट काळवंडू नये.

प्रश्न (बेळगाव): जुन्या लेदर जॅकेटचा रंग कोपरांवर उडालाय. स्पिरिटचा रंग लावला, तो चिकटच राहतो आणि पुसला की निघून येतो.

उत्तर: जॅकेट जवळजवळ नक्की क्रोम टॅनचं आहे आणि त्याचा रंग हा वरचा थर आहे. तुमचा रंग आत जायला वाट नाही, म्हणून तो वर चिकट बसलाय. खात्री करायची असेल तर शिवणीच्या आत कापलेली कड बघा. आतून निळसर-करडी असेल तर क्रोम. व्हेज टॅनची कड तपकिरी असते, आणि त्याच्या न रंगवलेल्या भागावर पाण्याचा थेंब टाकला की लगेच गडद डाग उमटतो.

चिकट रंग अल्कोहोलने पूर्ण पुसून काढा. उडालेल्या जागेच्या कडा ६०० नंबरच्या पॉलिशपेपरने अगदी हलक्या हाताने सपाट करा, परत पुसा. मग चामड्यासाठीचा ॲक्रिलिक रंग, पाण्याने थोडा पातळ करून, स्पंजाने टेकवत. एका जाड हातापेक्षा चार-पाच पातळ हात, प्रत्येक हात सुकल्यावर कोपर दुमडून बघा. तडा दिसला तर थर जाड झालाय. भिंतीचा ॲक्रिलिक चालणार नाही, तो वाकत नाही.

प्रश्न (नागपूर): लाल रंगाच्या चावीच्या पट्ट्यांवर नावं कोरते आणि पांढऱ्या मेणदोऱ्याने शिवते. वर रिझोलीन लावताना लाल फरफटतो, अक्षरांच्या खोबणीत साठतो आणि दोरा गुलाबी होतो. पावसाळ्यात जास्तच.

उत्तर: लाल हा सगळ्या रंगांत त्रासदायक, आणि तुम्ही पाण्यातला रंग वापरत असाल तर पाण्यातल्या फिनिशने तो विरघळणारच. शक्य असेल तर लाल स्पिरिटचा घ्या. पाण्यातलाच ठेवायचा असेल तर फिनिश म्हणून रिझोलीन नको, मेणाच्या पातळ क्रीमचा हात द्या आणि घासून सुकवा.

क्रम बदला. रंग, सुकणं, घासणं, फिनिश, आणि शेवटी शिलाई. भोकं मात्र रंगाआधी पाडून घ्या. नंतर पाडलेल्या भोकांच्या आतले तंतू न रंगलेले राहतात, आणि ते झाकायला भोकाच्या तोंडाशी ब्रश लावला की दोरा परत गुलाबी. कडांचा रंगही शिवण्याआधीच. कडेच्या आतल्या बाजूने पांढऱ्या मेणबत्तीची रेघ ओढून घेतली तर कडेचा रंग वरच्या बाजूला चढत नाही.

खोबणीत साठलेल्या रंगासाठी: फिनिश लावल्यावर लगेच कोरड्या, ताठ केसांच्या ब्रशने अक्षरांतून फिरवून जादा उचलून घ्या. सुकल्यावर साठलेला थर पांढुरका दिसतो आणि मग तो निघत नाही. लालच्या जागी काळपट वाटत असेल तर खोबणीतल्या थराला अल्कोहोलने भिजवलेली कापसाची काडी एकदाच फिरवा, दुसऱ्यांदा नाही, नाहीतर खालचा मूळ रंगही उचलला जाईल.

पावसाळ्याचं कारण सरळ आहे. वरून कोरडं वाटणारं चामडं आत ओलं असतं. उन्हाळ्यात २४ तास पुरतात तिथे जुलैत ४८ ते ७२ द्या, पंख्याखाली, दोरीवर टांगून, एकमेकांना न चिकटवता. वजनाने कळतं. एक पट्टा रंगाआधी स्वयंपाकाच्या डिजिटल काट्यावर तोला आणि आकडा मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवा. पुन्हा त्याच्या जवळपास आल्याशिवाय फिनिशची बाटली उघडू नका. ओल्यावर फिनिश लावलं तर आतला ओलावा कोंडतो, आठवड्याभरात पांढरी बुरशी फिनिशच्या खालून दिसायला लागते आणि तिथवर पोचायला फिनिश काढण्यावाचून मार्ग राहत नाही. गुलाबी झालेला दोरा धुऊन पांढरा होत नाही. तयार पट्ट्यांचा दोरा उसवून नवा घालणंच लवकर होईल, किंवा पुढच्या खेपेला सरळ गडद लाल दोरा घ्या.